परका कोण, हे जहाजावरून दिसत नाही

आमच्या सोसायटीच्या लॉबीत, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, आठ महिने एक मोठं चित्र टांगलेलं होतं. द्रोणागिरीत नव्या इमारती भराभर उठतायत आणि प्रत्येकीच्या लॉबीत काहीतरी भव्य लागतं. कुणी धावते घोडे लावतं, कुणी धबधबा. आमच्या कमिटीनं जुन्या बंदराचं चित्र आणलं, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं. बारीक रेघांचं, वरून हातानं रंग भरलेलं चित्र. समोर समुद्र, त्यात जहाजं, किनाऱ्यावर घरं आणि माड, एक हत्ती, मागे डोंगर. आणि खाली पितळी पट्टी : ‘आपलं प्राचीन द्रोणागिरी बंदर. परकीय येण्यापूर्वीचं वैभव.’

पहिल्या दिवशी मी हसलो. तळमजल्यावरच्या एका आगरी आजींनी तर सरळच विचारलं होतं, “मोऱ्याच्या धक्क्यावं हत्ती कवा उतरला रं?” पण रोज लिफ्टची वाट बघत ती पट्टी वाचायची, म्हणजे काही दिवसांनी हसू मावळतं. ‘परकीय’ हा शब्द तिथे कुणाला उद्देशून आहे, हे पट्टीवर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. आमच्या इमारतीत मुसलमान घरं दोनच. माझे आजोबा मोऱ्याहून सुटणाऱ्या गलबतावर तांडेल होते. मीठ आणि गवत भरून मुंबईला नेत. त्यांचे आजोबाही इथलेच. तरी पाहुणे आले की त्यांची नजर पट्टीवरून माझ्या दारावरच्या नावाकडे जाते, हे मी पाहिलं आहे.

मी कमिटीला सांगितलं की हे चित्र द्रोणागिरीचं नाही, पट्टीवरची दोन्ही वाक्यं चूक आहेत. सेक्रेटरी तरुण मुलगा आहे, चांगला आहे. म्हणाला, “चाचा, मनाला लावून घेऊ नका, डेकोरेटरनं दिलं ते लावलं.” आणि पुढच्याच आठवड्यात चित्र उतरवलं. आता तिथे धबधबा आहे. “वाद नको” असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

माझं म्हणणं वेगळं आहे. चित्र परत लावा. पट्टी बदला. कारण ते चित्र खोटं नाही, पट्टी खोटी आहे. आणि खरी पट्टी लावली, तर त्या चित्राइतकं शहाणं करणारं दुसरं काही आपल्या लॉबीत असूच शकत नाही.

ते चित्र कालिकतचं, म्हणजे आजच्या कोळीकोडचं आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १५७२ साली छापलेलं. गेओर्ग ब्राउन नावाचा पाद्री संपादक आणि फ्रान्स होगेनबर्ग हा कोरक्या, या दोघांनी जगातल्या शहरांच्या चित्रांचा एक ग्रंथ काढायला घेतला. पुढे १६१७ पर्यंत त्याचे सहा खंड निघाले आणि पाचशेहून अधिक चित्रं झाली. पहिल्याच खंडात कालिकत आहे. त्याच पानावर खाली होर्मुझ, कन्नूर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एल्मिना. दुसऱ्या एका पानावर दीव आणि गोवा. कालिकतच्या चित्रावर लॅटिनमध्ये शहराचं नाव आहे आणि ‘हिंदुस्थानातली सर्वांत नामांकित पेठ’ अशा अर्थाचं बिरुद आहे. आमच्या डेकोरेटरनं नेमकी ती ओळ कापली होती. मग मागचा डोंगर द्रोणागिरी ठरायला वेळ लागला नाही. हनुमानानं नेलेल्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी आपल्याकडे श्रद्धा आहेच, चित्रातही डोंगर आहे, झालं.

ही चित्रं कशी बनत, तेही बघा. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं चित्र उलटं कोरायचं. रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबाखालून काढायचा. एका पत्र्यावरून शेकडो प्रती. रंग नंतर हातानं. कोलोनच्या कोरक्यानं कालिकत पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे पोर्तुगिजांकडून आलेला नमुना होता, आणि तो नमुना जहाजावरच्या माणसाच्या नजरेतला होता. म्हणून चित्रात समुद्र पुढे आहे आणि माणसं मुंगीएवढी. जहाजावरून बंदर बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : नांगर कुठे टाकायचा, किनाऱ्यावर तोफ आहे का, आणि माल कुठे आहे. त्या गोदामात कोण कुणाला उधार देतो, मशिदीची जमीन कुणी दिली, देवळाच्या उत्सवात कोण नाचतं, हे त्याला दिसत नाही आणि नकोही असतं.

ब्राउनसाहेबांची एक गंमत सांगतो. त्यांनी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की चित्रांत पुढे माणसांच्या आकृती घातल्या आहेत, त्यामुळे तुर्कांना या ग्रंथाचा लष्करी उपयोग करता येणार नाही. कारण माणसाचं चित्र बघणं त्यांच्या धर्मात बसत नाही. म्हणजे हे पुस्तक माझ्यासारख्याने उघडायचंच नाही, अशी १५७२ सालीच सोय करून ठेवली होती. आणि मी साडेचारशे वर्षांनी रोज सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्यासमोर उभा! तुर्कांनाही काही अडलं नव्हतं. मत्राकची नसूह या उस्मानी दरबारच्या माणसानं ब्राउनच्या ग्रंथाआधी जवळजवळ तीस वर्षं मार्सेय, तुलाँ, नीस, जेनोवा ही बंदरं काढून ठेवली होती. त्याच्या चित्रांत माणसं नसतातच. घरं, तटबंदी, गलबतं सगळं बारकाईनं आहे. ज्याला बंदर जिंकायचं असतं, त्याला बंदराचं चित्र काढता येतंच. धर्म आडवा येत नाही.

हा मुद्दा मी मुद्दाम मांडतोय, कारण गोरे वाईट आणि आपण भले एवढं साधं हे प्रकरण नाही. आपल्या समोरच्या घारापुरीचंच बघा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाचा लेख ऐहोळेला आहे, शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४-३५. त्यात त्यानं कोकणातल्या मौर्यांची पुरी ही बंदरनगरी शेकडो नौकांनिशी घेतल्याचं वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत, राजपुरी मानणारेही आहेत. कुठलीही धरा, नगरी कोकणच्या किनाऱ्यावरचीच आणि जिंकणारा दख्खनचा. लेख जिंकणाऱ्याच्या कवीनं लिहिला. त्यातही नौका दिसतात, पुरीचे कोळी दिसत नाहीत. आपल्याच राजानं आपलीच राजधानी समुद्रावरून पाहिली, तरी दिसलं ते लुटीएवढंच.

आता पट्टीचं दुसरं वाक्य घ्या : ‘परकीय येण्यापूर्वीचं वैभव.’ चित्रातली युरोपी बांधणीची जहाजं कुणाची? पोर्तुगिजांची. म्हणजे परकीय चित्रात हजर आहेत, चित्र त्यांच्याच नमुन्यावरून झालंय, आणि आपण खाली लिहितो, परकीय येण्यापूर्वी! पण पट्टी लिहिणाऱ्याच्या मनात पोर्तुगीज नव्हतेच. त्याच्या मनात जे होते, ते चित्रातल्या घरांत राहत होते.

कालिकतचा राजा सामुतिरी, ज्याला पोर्तुगीज झामोरीन म्हणत. हिंदू राजा, आणि त्याच्या बंदराचा कणा मुसलमान व्यापारी : अरब, गुजराती आणि तिथलेच मापिळे. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास तिथे पोचला तेव्हा बंदरात चीनची तेरा जहाजं उभी होती. शंभर वर्षांनी हेरातहून आलेला अब्दुर्रज्जाक लिहून गेला की इथे माल रस्त्यावर टाकून खुशाल निघून जावं, राखण सरकारी अधिकारी करतात. राजाला जकात मिळत होती, व्यापाऱ्याला भरवसा. २० मे १४९८ ला वास्को द गामा तिथे पोचला. त्यानं किनाऱ्यावर पाठवलेल्या माणसाला पहिले भेटले ते दोघे ट्युनिसचे मुसलमान, आणि ते त्याच्याशी स्पेनच्या आणि जेनोवाच्या बोलीत बोलले. अशी ती पेठ होती. गामाचा शोध लागायला कालिकत काही अंधारात बसलं नव्हतं.

पुढचं चित्रात नाही. १५०२ मध्ये त्याच गामानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ‘मिरी’ हे जहाज अडवलं, लुटलं आणि बायकामुलांसकट जाळलं. त्यानंतर कालिकतवर तोफा डागल्या. १५०८ च्या डिसेंबरात आपल्या दाभोळची राख केली ती व्हाइसरॉय अल्मेदानं. १५१० च्या जानेवारीत पोर्तुगीज कालिकतमध्ये उतरले आणि मिस्कालची मशीद जाळली. आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे चित्र परत मागतोय ती ऐका. चित्र छापलं गेलं १५७२ साली. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत काय झालं? विजापूरचा अली आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा आणि कालिकतचा सामुतिरी एकत्र आले. आदिलशहानं गोव्याला वेढा घातला. निजामशहानं चौलला, म्हणजे आपल्या रेवदंड्याला. करंजा जेट्टीवरून रेवसची होडी पकडली की तिथे पोचायला दोन-तीन तास. सामुतिरीनं कालिकतजवळचा चालियमचा पोर्तुगीज किल्ला वेढला. गोवा पडलं नाही, चौलही पडलं नाही. चालियम पडलं, आणि १५७१ मध्ये सामुतिरीनं तो किल्ला पाडून टाकला. सामुतिरीच्या बाजूनं समुद्रावर लढणारे आघाडीचे लोक मापिळे होते.

दोन सुलतान आणि एक हिंदू राजा, तिघं मिळून समुद्रावरून आलेल्या तोफेविरुद्ध उभे. कालिकतचं चित्र खरेदी करणाऱ्या कोलोनच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नव्हतं. पण आपल्याला ठाऊक नसावं?

लगेच कुणी म्हणेल, तुम्ही गुळगुळीत करून सांगताय. नाही. तिघांच्या आघाडीच्या पाच-सहाच वर्षं आधी, १५६५ मध्ये, तालिकोटच्या लढाईत याच सल्तनतींनी विजयनगर बुडवलं होतं. हे तिघं काही धर्मैक्याचं व्रत घेऊन निघालेले नव्हते. समुद्रातली जकात आणि वाटा हा प्रश्न होता. आणि ज्या कुंजाली मरक्कारांनी पिढ्यान्पिढ्या सामुतिरीचं आरमार सांभाळलं, त्यांतल्या चौथ्या कुंजालीला शेवटी सामुतिरीनंच पोर्तुगिजांशी हात मिळवून पकडून दिलं. १६०० साली गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. हेही मी पट्टीवर लिहायला तयार आहे. माझा आग्रह इतकाच की स्नेह, सौदा आणि दगा, सगळं किनाऱ्यावरच्या माणसांतलं होतं. त्यांना ‘आपले’ आणि ‘परकीय’ अशा दोन रांगांत उभं करणारी पट्टी चित्राच्या बाहेरून आली आहे.

कालिकत दूर आहे, असं म्हणाल तर तांब्याचाच एक दुसरा पत्रा दाखवतो, आपल्या उत्तर कोकणातला. डहाणूजवळच्या चिंचणीत गेल्या शतकात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार ज्या माणसाकडे होता, त्याचं नाव लेखात मधुमती असं येतं. तो ताजिक होता, म्हणजे अरब मुसलमान. मुहम्मद या नावाचं ते संस्कृत रूप, असं जाणकार सांगतात. हा अधिकार त्याला राष्ट्रकूट राजा कृष्णानं दिला होता. त्यानं आसपासची बंदरं राजासाठी ताब्यात आणली, तिथे आपले अधिकारी नेमले. दोन नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या. संजाणमध्ये अन्नछत्र उघडलं, भात, कालवण आणि तूप मिळणारं. आणि एका ब्राह्मणानं बांधलेल्या मठाच्या दुरुस्तीसाठी, तिथल्या देवीच्या नैवेद्यासाठी जमीन दिली. राजाच्या संमतीनं, संस्कृतात, तांब्यावर कोरून.

कोलोनचा पत्राही तांब्याचा, चिंचणीचाही तांब्याचा. एकावर बंदर समुद्रातून दिसतं, दुसऱ्यावर जमिनीवरून. पहिल्यात जहाजं मोजता येतात. दुसऱ्यात नाव कुणी चालवली, तूप कुणी वाढलं, देवीला नैवेद्य कुणाच्या पैशानं गेला, ते कळतं. पहिला आपण रंगीत छापून भिंतीवर लावतो. दुसऱ्याचं नाव आपल्या किती मुलांनी शाळेत ऐकलंय? माझ्या मुलांनी नाही. सेक्रेटरीच्या मुलांनीही नसणार.

इथे मला माझ्याच माणसांशी दोन शब्द बोलायचेत. आपल्यात लग्नाच्या बैठकीत कुणीतरी बुजुर्ग हमखास सांगतात की आपलं खानदान थेट बसऱ्याहून आलं, अमुक अरबाची औलाद. मोठ्या अभिमानानं. भाईजान, हे बोलताना तुम्ही त्याच जहाजावर चढता, जिथून आपल्याला परकं ठरवणारा आपल्याकडे बघतोय. अरब आले, हे खरं. पण ते आले तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी होतं. त्या ‘कुणीतरी’च्या मुली, मुलगे, भाषा, मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी, हे सगळं मिळून आपण झालो. आपल्या दादी-नानी घरात जी बोली बोलत आल्या, ती बसऱ्याच्या बाजारात कुणाला कळली नसती. उरणच्या बाजारात कळत होती. एका पूर्वजाच्या जहाजापायी बाकी सगळ्या पूर्वजांचा किनारा सोडून द्यायचा, हा कसला अभिमान? पट्टी लिहिणारा म्हणतो तुम्ही समुद्रावरून आलात. आपले बुजुर्ग म्हणतात, होय, आम्ही समुद्रावरूनच आलो. मग भांडण कशाला?

आणि आजच्या द्रोणागिरीकडे बघा. उद्या कुणी कोरक्या समुद्रातून आपलं चित्र काढायला बसला, तर त्याला जेएनपीटीच्या उंच क्रेन दिसतील, कंटेनरच्या रंगीत थप्प्या दिसतील, मागे इमारती आणि डोंगर. चित्र झकास होईल. खाली लिहिता येईल, ‘हिंदुस्थानातली सर्वांत नामांकित पेठ’, आणि ते फारसं खोटंही ठरणार नाही. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. पण त्याआधी, १९८४ च्या जानेवारीत, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासईच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच जण गेले, ते समुद्रातून दिसणार नाही. बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला, तोही दिसणार नाही. ज्या खाजणात आणि भातशेतीत हा नोड उभा आहे, ती कुणाची होती, हे आमच्या लॉबीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. आगरी, कोळी, कराडी माणसाला त्याच्याच गावात आता ‘लोकल’ म्हणतात, आणि म्हणताना नाक जरा मुरडतात. म्हणजे पट्टी कुणावरही फिरू शकते. आज माझ्यावर, उद्या त्या तळमजल्यावरच्या आजींवर. जहाजावरून बघायची सवय लागली की किनाऱ्यावरचा प्रत्येक जण हळूहळू परका दिसायला लागतो.

म्हणून धबधबा मला पुरत नाही. “वाद नको” म्हणून जे चित्र उतरवलं, त्याबरोबर पट्टीतली चूक उतरली नाही. ती लोकांच्या मोबाइलमध्ये आहे, अजून फॉरवर्ड होते आहे. चूक भिंतीवर केली होती, ती भिंतीवरच दुरुस्त व्हायला हवी. शिवाय वाद नको म्हणणाऱ्यांना एक विचारतो : पट्टी लावली तेव्हा वाद नव्हता का? फक्त तेव्हा तो एकाच माणसाला, लिफ्टची वाट बघताना, मनात घालावा लागत होता. तुम्हाला ऐकू आला नाही, इतकंच.

पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे. मी लेखी अर्ज दिलाय, विषय क्रमांक सात. चित्र पुन्हा लावावं. पट्टीचा खर्च मी देईन. मजकूरही दिलाय :

‘कालिकत बंदर, समुद्रातून. कोलोन येथे छापले, १५७२. राजा सामुतिरी, व्यापारी अनेक देशांचे आणि अनेक धर्मांचे. जहाजांपैकी काही पोर्तुगिजांची. आदल्याच वर्षी या राजाने त्यांचा चालियमचा किल्ला पाडला होता.’

पाच वाक्यं आहेत. त्यात माझ्या बाजूचं एकही नाही. सेक्रेटरी म्हणाला, “चाचा, बघू, मतदानाला टाकू.” टाका. मी मतदानाला येईन, आणि तळमजल्यावरच्या आजींनाही सोबत आणीन. हत्तीचं त्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं होतं.